तपासणीत सीएमव्ही निघाला, आता दूध तोडायचे का?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. अडतीस आठवडे भरल्यावर ती जन्मली, वजन २ किलो ९०० ग्रॅम होते आणि घरी येण्याआधी केलेली कानांची चाचणी दोन्ही बाजूंनी ‘पास’ आली होती. अकराव्या आठवड्यात तिला चार दिवस बारीक ताप आला आणि ती किरकिर करू लागली. प्लीहा जराशी हाताला लागते असे डॉक्टर म्हणाले, यकृताच्या रक्तचाचणीत एसजीपीटी १६८ आला, म्हणून ‘टॉर्च’ तपासणी केली. त्यात सीएमव्हीचे आयजीजी आणि आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह आले, मग लघवीची पीसीआरही पॉझिटिव्ह आली. ताप पाचव्या दिवशी आपोआप गेला. दोन आठवड्यांनी एसजीपीटी ७४ होता आणि वजन आता ५ किलो ८०० ग्रॅम आहे. तरीही दुसऱ्या एका डॉक्टरांनी एकवीस दिवस शिरेतून गॅनसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध द्यावे असे सुचवले आहे. विषाणू माझ्या दुधातून गेला असेल असे कळल्यापासून घरात ‘दूध बाधले’ असे म्हणतात. नऊ दिवस मी तिला अंगावर घेतलेले नाही, रात्री दूध पिळून मोरीत ओतते. पहिल्या दोन दिवसांचे ओतवले नाही म्हणून फ्रीजरमध्ये ठेवले आहे. जाऊबाईंना दुसरा महिना संपत आला आहे, त्यांना माहेरी पाठवले आहे. चौदाव्या आठवड्याच्या लसीही थांबवल्या आहेत. मुलगी बहिरी होईल का, तिच्या बुद्धीवर परिणाम होईल का, आणि हे माझ्यामुळे झाले का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील प्रश्नांपैकी एकाचे उत्तर थांबण्यासारखे नाही, म्हणून ते आधी देते. बाळाला आजच पुन्हा अंगावर घ्यावे. दूध बाधलेले नाही. पुढचे सगळे सावकाश वाचले तरी चालेल.

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, हे नाव असे आहे की ते उच्चारतानाच माणूस निम्मा घाबरतो. हा कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला, माणसाबरोबर फार जुन्या काळापासून नांदणारा विषाणू आहे. त्याने शिरकाव केलेली पेशी फुगून मोठी होते, एवढाच त्या नावाचा अर्थ. हे नाव १९६० साली थॉमस वेलर यांनी दिले. त्याआधी डॉक्टर मंडळी त्याला ‘लाळग्रंथींचा विषाणू’ म्हणत, आणि तेच नाव टिकले असते तर आपल्यासारख्या अनेक आयांची झोप वाचली असती असे मला कधीकधी वाटते. १९५६ साली वॉलेस रो यांना तो प्रयोगशाळेत सापडला तोही मुलांच्या घशातून शस्त्रक्रियेने काढलेल्या ॲडेनॉइडच्या गाठींत. त्या मुलांना या विषाणूचा आजार झालेला होता म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहायला गेले नव्हते. तो तिथे गुपचूप राहत होता. बहुतेक निरोगी माणसांत तो असाच राहतो. एकदा शरीरात आला की जन्मभर मुक्काम करतो, बराचसा काळ निजलेला असतो आणि अधूनमधून जागा होऊन लाळेत, लघवीत किंवा दुधात उतरतो.

आपल्या देशात मूल होण्याच्या वयातल्या दहा स्त्रियांपैकी आठ-नऊ जणींच्या, किंबहुना त्याहूनही अधिक जणींच्या, रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. म्हणजे आपल्यालाही तो लहानपणी केव्हातरी, एखाद्या भावंडाच्या उष्ट्या खाऊतून किंवा आपल्या स्वतःच्या आईच्या दुधातून, होऊन गेलेला असणार आणि तेव्हा घरात कोणाला त्याचा पत्ताही लागला नसणार. बाळंतपणानंतर दूध सुरू झाले की हा निजलेला विषाणू स्तनातच जागा होतो. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून तो दुधात दिसू लागतो, चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास ते ओसरते. आईला ताप नाही, दुखणे नाही, तिला काही जाणवतही नाही. दूध पिणाऱ्या बाळाच्या शरीरात तो गेल्यावर लघवीत किंवा लाळेत दिसायला साधारण चार ते बारा आठवडे जातात. आपल्या मुलीला ताप आला तो अकराव्या आठवड्यात. हिशेब बरोबर जुळतो.

त्यामुळे ‘माझ्यामुळे झाले का’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर, बहुधा आपल्याच दुधातून झाले, असे आहे. पण त्यात आपली काही चूक झाली असे मात्र मुळीच नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना याच गोष्टीची दुसरी बाजू सांगायला हवी. गर्भात असताना, विशेषतः शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, आपल्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून मुलीच्या रक्तात गेलेली आहेत. पूर्ण दिवसांच्या बाळाला हा विषाणू गाठतो तेव्हा ते बाळ त्याला निःशस्त्र भेटत नाही. १९८० साली अमेरिकेतील अलाबामाच्या संशोधकांनी दाखवून दिले की ज्या आयांच्या दुधात हा विषाणू होता त्यांचे दूध पिणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना संसर्ग झाला, पण तो बाळांनी सहज पचवला. तेव्हापासून आजवर पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचे दूध या कारणासाठी तोडावे असे बालरोगतज्ज्ञांच्या कोणत्याही जबाबदार संघटनेने सांगितलेले नाही. शिवाय आता दूध तोडून मिळणार तरी काय? विषाणू बाळाच्या शरीरात आलेला आहे. जे यायचे ते येऊन गेले, आणि दूध मात्र त्या दिवसापासून मोरीत जाते आहे.

आता तपासण्यांविषयी, कारण खरा घोळ तिथेच झालेला आहे. ‘टॉर्च’ हा शब्द १९७१ साली आंद्रे नाहमियास यांनी गर्भावस्थेतल्या काही संसर्गांची आद्याक्षरे जुळवून केला. आपल्याकडे ती एक सरसकट लिहून देण्याची तपासणी होऊन बसली आहे आणि पुष्कळदा ती अंधारात मारलेल्या विजेरीसारखी, जे हवे ते सोडून भलतेच दाखवते. आयजीजी आणि आयजीएम ही प्रतिपिंडांचीच दोन रूपे. त्यातले आयजीजी हे वारेतून पलीकडे जाते, म्हणून साडेतीन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात सापडलेले आयजीजी बव्हंशी आईचेच असते आणि वर्षाचे होईपर्यंत त्यावरून बाळाबद्दल फारसे काही ठरवता येत नाही. आयजीएम हे बाळाचे स्वतःचे, परंतु ती चाचणी दोन्ही बाजूंनी चुकते : संसर्ग नसताना पॉझिटिव्ह येते आणि असताना निगेटिव्ह. त्या मानाने लघवीची पीसीआर विश्वासार्ह आहे आणि आपल्या मुलीच्या शरीरात विषाणू आहे हे तिने नक्की सांगितले. तो केव्हा आला, हे मात्र ती सांगू शकत नाही, आणि आपल्या सगळ्या काळजीचे मूळ या एका ‘केव्हा’मध्ये आहे.

बहिरेपणाबद्दल आपण जे वाचले ते खोटे नाही. ते दुसऱ्या आजाराविषयी आहे. बाळ गर्भात असतानाच विषाणू वारेतून त्याच्यापर्यंत पोचला तर त्याला जन्मजात सीएमव्ही म्हणतात. तो जगभरात साधारण दर शंभर-दोनशे जन्मांमागे एका बाळात आढळतो, आणि आनुवंशिक कारणे वगळली तर बालवयातल्या मज्जातंतूच्या बहिरेपणाचे ते सर्वांत मोठे कारण आहे. डोक्याचा घेर कमी राहणे, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके दिसणे, डोळ्याच्या पडद्याला इजा होणे, जन्मतःच अंगावर रक्ताचे बारीक जांभळे ठिपके असणे, हे सगळे त्याचे चेहरे. गर्भात कान आणि मेंदू घडत असताना विषाणू तिथे पोचतो, म्हणून हे होते. जन्मानंतर दुधातून आलेल्या संसर्गाने पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाची श्रवणशक्ती जाते किंवा बुद्धीला इजा होते असे आढळलेले नाही.

हे दोन आजार एकमेकांपासून वेगळे ओळखायचे असतील तर लघवीची किंवा लाळेची पीसीआर जन्मापासून पहिल्या तीन आठवड्यांच्या आत करावी लागते. एकवीस दिवसांच्या आत विषाणू सापडला तर तो गर्भातून आलेला. त्यानंतर सापडला तर नुसत्या त्या अहवालावरून कोणालाच काही ठरवता येत नाही. आपल्या मुलीची तपासणी अकराव्या आठवड्यात झाली. आता ती वेळ परत आणता येत नाही, तरी एक धागा शिल्लक असू शकतो. काही प्रसूतिगृहांत जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते जाड कागदाच्या कार्डावर वाळवतात आणि थायरॉइडसारख्या आजारांच्या तपासणीसाठी पाठवतात. आपल्या फाइलमध्ये अशा तपासणीची पावती आहे का ते पाहावे. असल्यास त्या प्रयोगशाळेला लगेच दूरध्वनी करून कार्ड अजून ठेवलेले आहे का हे विचारावे, कारण त्या वाळलेल्या थेंबातूनही सीएमव्हीची पीसीआर करता येते. ती पॉझिटिव्ह आली तर संसर्ग जन्मजात होता हे सिद्ध होते. निगेटिव्ह आली तर बरेचसे निश्चिंत व्हावे, पूर्णपणे नव्हे, कारण थेंबभर रक्तात विषाणू कधीकधी हाती लागत नाही.

कार्ड न मिळाले तरी आपल्या पत्रातच पुरेसा पुरावा आहे. जन्माचे वजन चांगले, कानांची पहिली चाचणी ठीक, अकरा आठवडे मूल अगदी तंदुरुस्त आणि मग अचानक ताप, वाढलेले एसजीपीटी आणि आपोआप उतार, हे चित्र जन्मानंतरच्या संसर्गाचे आहे. तरीसुद्धा ‘केव्हा’चे उत्तर शंभर टक्के हाती नाही म्हणून मी एक काळजी घ्यायला सांगेन. प्रसूतिगृहात झालेली चाचणी बहुधा फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी असावी. बेरा नावाची चाचणी कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचीही तपासणी करते. ती बाळ झोपलेले असताना होते, टोचावे लागत नाही. ती एकदा आता करून घ्यावी आणि तीन वर्षांची होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी श्रवण तपासत राहावे. जन्मजात सीएमव्ही असून जन्मतः कोणतेच लक्षण नसलेल्या बाळांतही दर शंभरांत दहा-पंधरांना पुढे कमी ऐकू येते, आणि ते काही वेळा उशिरा सुरू होते, म्हणून एका बेरावर थांबू नये. जोडीला डोक्याच्या घेराची नोंद लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत करून घ्यावी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा एकदा पाहून घ्यावा. एवढे पुरे. लघवीची पीसीआर मात्र पुन्हा करू नये. ती कित्येक महिने, कदाचित दोन-तीन वर्षे, पॉझिटिव्ह येत राहील आणि दर वेळी घरात नव्याने रडारड होईल.

गॅनसायक्लोव्हिरचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांविषयी मला अनादर नाही. पॉझिटिव्ह अहवाल हातात असताना काहीच न देणे आम्हा लोकांना जड जाते. पण हे औषध कोणासाठी आहे ते पाहा. जन्मजात सीएमव्हीची लक्षणे घेऊन जन्मलेल्या बाळांना पहिल्या महिन्याच्या आत त्याचेच तोंडावाटे घेण्याचे रूप, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर, सुरू करून सहा महिने दिले तर श्रवण आणि विकास या दोन्हींत काही फायदा होतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. तोही बेताचाच फायदा. त्याची किंमतही असते. शिरेतून सहा आठवडे गॅनसायक्लोव्हिर दिलेल्या बाळांच्या त्याआधीच्या अभ्यासात जवळपास दोन-तृतीयांश बाळांच्या रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी लक्षणीय घसरल्या होत्या, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत या औषधाने जननपेशींना इजा होते व कर्करोगाची शक्यता वाढते असे आढळले आहे. आपल्या मुलीचा ताप गेला आहे, एसजीपीटी १६८ वरून ७४ वर उतरला आहे, वजन वाढते आहे. अशा बाळाला एकवीस दिवस सलाइनची सुई लावून आपण नेमका कोणता अवयव वाचवणार आहोत, हा प्रश्न त्या डॉक्टरांना नम्रपणे विचारावा. त्याचे ठोस उत्तर मिळाले नाही तर औषध घेऊ नये.

जन्मानंतरच्या संसर्गातही औषधाची वेळ कधी येते. श्वास वेगाने चालणारा न्यूमोनिया, यकृत निकामी होऊ लागणे, प्लेटलेट फार खाली जाणे, शीतून रक्त पडत राहणे, डोळ्याच्या पडद्यावर दाह होणे, या वेळी ते द्यावेच लागते. आणि निरोगी समजल्या गेलेल्या बाळाला सीएमव्हीने इतके झोडपले तर त्याच्या प्रतिकारशक्तीतच जन्मतः काही कमी आहे का, हेही शोधावे लागते. आपल्या पत्रात असे एकही लक्षण नाही.

आता ज्या गोष्टीचा आपण उल्लेखही केलेला नाही तिच्याबद्दल, कारण तिथे माझी स्वतःची चूक झालेली आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका रुग्णालयात काम करत असताना पाच आठवड्यांच्या एका बाळाला माझ्याकडे आणले होते. डोळे पिवळे, यकृत जरा वाढलेले, बाकी बाळ गुटगुटीत. सीएमव्हीचे आयजीएम पॉझिटिव्ह आले आणि मी कागदावर ‘सीएमव्हीमुळे यकृताचा दाह’ असे लिहून दोन आठवड्यांनी या म्हणून सांगितले. बाळाची आजी दोन्ही वेळा आली होती. दुसऱ्या वेळी तिने पिशवीतून घडी घातलेला लंगोट काढून टेबलावर उलगडला आणि म्हणाली, “बाई, ही शी बघा, तांदळाच्या पिठीसारखी आहे.” मी पाहिले, आणि सीएमव्हीच्या काविळीत रंग जरा फिका येऊ शकतो असे सांगून तिला घडी घालायला लावली. त्या बाळाच्या पित्तनलिकाच बंद होत चालल्या होत्या. या आजारात कासाई नावाची शस्त्रक्रिया करतात, जपानच्या मोरिओ कासाई यांनी ती बसवली, आणि ती शक्यतो साठ दिवसांच्या आत व्हावी लागते, कारण त्यानंतर दर आठवड्याला यकृत कडक होत जाते. त्या बाळाची झाली तेव्हा त्याला तीन महिने पूर्ण झाले होते. पित्त उतरलेच नाही.

आपल्या देशात लहान बाळांत सीएमव्ही इतका पसरलेला आहे की दुसऱ्याच कोणत्या आजाराने कावीळ झालेल्या बाळाच्या लघवीतही तो सापडतो. तो सापडला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. म्हणून आपली मुलगी काविळीची नाही असे आपल्या पत्रावरून वाटत असले, तरी उद्या सकाळी तिचा लंगोट उजेडात नेऊन पाहावा. पिवळा, हिरवट किंवा मोहरीच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा, राखाडी किंवा पिठूळ दिसला, किंवा डोळ्यांचे पांढरे पिवळट वाटले आणि लघवीने लंगोट पिवळा डागाळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून बिलिरुबिन या काविळीच्या पिवळ्या द्रव्याच्या दोन्ही भागांची तपासणी करून घ्यावी. अहवालात सीएमव्ही आहे म्हणून कोणी थांबायला सांगितले तरी थांबू नये. हे वाचणाऱ्या इतर आयांनाही ते लागू आहे. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आईला शीच्या रंगांचे कार्ड देतात आणि तिथे ही शस्त्रक्रिया लवकर होऊ लागली. आपल्याकडे ते काम आज्या करतात, आणि आम्ही त्यांचे ऐकायला हवे.

एसजीपीटी महिन्याभराने आणखी एकदा तपासावा. चाळिशीच्या आसपास आला की तो विषय मिटला. मध्यंतरी पुन्हा ताप आला, बाळ दूध घेईना, श्वास जोरात चालू लागला किंवा अंगावर जांभळे ठिपके उठले तर वाट पाहू नये.

याच ठिकाणी एक गोष्ट अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांसाठी नोंदवते, कारण हे सदर वाचून त्या उगाच घाबरतील किंवा उगाच निर्धास्त होतील. बत्तीस आठवड्यांआधी किंवा दीड किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला आईची प्रतिपिंडे पुरती मिळालेली नसतात आणि त्याला दुधातल्या सीएमव्हीने कधीकधी खरोखर आजार होतो. अशा बाळांसाठी आईचेच दूध ताजे, गोठवून की पाश्चराइझ करून द्यायचे हे नवजात विभागातले डॉक्टर ठरवतात. गोठवल्याने विषाणू कमी होतो, नाहीसा होत नाही, ६२.५ अंश सेल्सियसला तीस मिनिटे तापवल्याने तो मरतो. दूध पेढीतले दूध असेच तापवलेले असते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झालेली दूध पेढी ही आशियातली पहिली होती. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी यातले काहीही करण्याचे कारण नाही. विषाणूच्या भीतीने दूध तापवू नये, गोठवून देऊ नये, सरळ पाजावे.

जाऊबाईंबद्दल. गरोदर स्त्रीने सीएमव्हीपासून जपावे हे खरे आहे, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. पण हा विषाणू हवेतून उडत नाही. तो लाळ आणि लघवी हाताला लागून तोंडात गेली तर जातो, आणि निरोगी दिसणारी दोन-तीन वर्षांची असंख्य मुले तो वर्षानुवर्षे लाळेतून बाहेर टाकत असतात. माहेरी त्यांच्या भावाचे किंवा शेजारचे बालवाडीत जाणारे एखादे मूल असेल आणि त्याने अर्धवट चाटलेले बिस्किट जाऊबाईंच्या तोंडात कोंबले, तर तिथला धोका आपल्या घरातल्या धोक्यापेक्षा कमी नाही. आपल्या घरात निदान सर्वांना माहीत आहे. त्यांना परत आणावे. बाळाला त्यांनी मांडीवर घ्यावे, खेळवावे. लंगोट शक्यतो दुसऱ्या कोणी बदलावा आणि त्यांनीच बदलला तर साबणाने हात धुवावेत, बाळाचे उष्टे खाऊ नये, मुका घ्यायचा तर कपाळाचा किंवा डोक्याचा घ्यावा. त्यांच्या डॉक्टरांनी सुचवल्यास त्यांचे सीएमव्ही आयजीजी एकदा तपासता येईल. बहुधा ते पॉझिटिव्ह, म्हणजे जुना संसर्ग दाखवणारे, येईल आणि मग धोका बराच कमी राहील. शून्य नव्हे, कारण जुना विषाणू जागा होऊ शकतो आणि वेगळ्या वाणाचा नवाही लागू शकतो. निगेटिव्ह आले तर हीच पथ्ये काटेकोर पाळावीत. आणि त्या आल्यावर घरात बाळाला ‘रोगी’ म्हणणे बंद व्हावे, हे सासूबाईंना आपल्याऐवजी आपल्या यजमानांनी सांगितले तर अधिक लागू पडेल.

लसी आठवड्याभरात घ्याव्यात. चौदाव्या आठवड्याचा पेंटाव्हॅलेंटचा तिसरा डोस, पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल, यांपैकी एकही सीएमव्हीमुळे पुढे ढकलण्याची गरज नाही. उशीर झालेला डोस घेता येतो, मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.

दूध परत आणायचे काम नऊ दिवसांनंतर कठीण नाही, आपण पिळत राहिला आहात म्हणून तर सोपेच आहे. आरंभ रात्रीपासून करावा, कारण दूध आणणारे संप्रेरक रात्री जास्त स्रवते, आणि अर्धवट झोपेतले बाळ बाटलीची सवय विसरून पटकन लागते. झबले काढून तिला उघड्या छातीशी धरावे. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी आधी अंगावर घ्यावे, मग गरज वाटली तर वरचे दूध वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने देऊ नये. वरचे दूध एकदम बंद न करता रोज एकेक वेळ कमी करावी आणि चोवीस तासांत सहा-सात लंगोट चांगले ओले होत असतील तर पुरते आहे असे समजावे. ती पहिल्या वेळी तोंड फिरवेल, कदाचित रडेलही. अर्ध्या तासाने पुन्हा घ्यावे. दिवसभराचा हिशेब कोणाला सांगू नये.

फ्रीजरमध्ये ठेवलेल्या त्या दोन दिवसांच्या दुधाबद्दल आपण विचारलेले नाही, पण ते का ठेवले असेल ते मला कळते. वरच्या बाजूला वेगळे दार असलेला फ्रीजर असेल तर ते तीन महिने टिकते, एकाच दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा असेल तर दोन आठवडे. दोन्ही हिशेबांनी ते अजून चांगले आहे. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे, मग बाटली कोमट पाण्यात धरावी, गॅसवर तापवू नये, एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये आणि चोवीस तासांत संपवावे. बेरासाठी जाताना बरोबर न्यायला ते उपयोगी पडेल, कारण त्या चाचणीच्या आधी बाळ पोटभर पिऊन झोपलेले असावे लागते.